ट्रॅक्टरचे इंजिन का तापते, आणि तापल्यास काय करावे



वळवाचे दोन पाऊस झाले की आपल्या भागात नांगरणीची घाई सुरू होते, आणि त्याच सुमारास, १५ मे रोजी, शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर याचा सण येतो. या दिवसांत पुष्कळ बांधव आपला ट्रॅक्टर आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणतात. आम्ही आनंदाने प्रार्थना म्हणतो व पवित्र पाणी शिंपडतो. परंतु बॉनेटवर पडलेले पवित्र पाणी रेडिएटरमध्ये उतरत नाही. तिथले पाणी ज्याचे त्यानेच पाहावयाचे असते. संत इसिदोर प्रार्थनेत गढला असता देवदूत त्याचा नांगर हाकीत, असे परंपरा सांगते. ट्रॅक्टरच्या बाबतीत कोणी तशी अपेक्षा धरू नये.

इंजिन तापून हेड गेले, लायनर-पिस्टन बदलावे लागले, ऐन पेरणीत ट्रॅक्टर महिनाभर गॅरेजमध्ये पडून राहिला, अशा हकीकती आमच्या कानांवर येतात. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. आणि हकीकत विचारावी तर बहुतेक ठिकाणी एकच असते: "फादर, रोज थोडे पाणी कमी व्हायचे, रोज आम्ही घालायचो. काही त्रास नव्हता. एक दिवस एकदम बंद पडला." एकदम काहीच झालेले नसते. रोज पाणी घालावे लागणे हाच तो बिघाड होता. रेडिएटरचे पाणी हे काही बैलाच्या पिण्याचे पाणी नव्हे की ते रोज संपावे. बंद भांड्यातले पाणी आहे. ते कमी झाले तर कुठून तरी गेले, आणि ते कुठून गेले हे शोधल्याशिवाय पुन्हा पाणी ओतणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय.

इंजिन थंड कसे राहते

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातील ढोबळमानाने एक तृतीयांशच चाके फिरविण्याच्या व अवजारे ओढण्याच्या कामी येते. दुसरा एक तृतीयांश धुराबरोबर सायलेन्सरमधून निघून जातो. उरलेली उष्णता इंजिनच्या अंगात राहते, ती सतत बाहेर काढावी लागते. हे काम पाणी करते. वॉटर पंप (आपले मिस्त्री याला 'वॉटर बॉडी' म्हणतात) पाण्याला इंजिनच्या लायनरभोवती आणि हेडमधून फिरवितो. तापलेले पाणी वरच्या रबरी पाईपमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, बारीक नळ्यांतून खाली उतरते, पंखा समोरून वारा ओढून त्या नळ्यांना थंड करतो, आणि निवलेले पाणी खालच्या पाईपमधून परत पंपाकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर गरम होते. पाणी साधारण ८० अंशांच्या आसपास आले की ती आपोआप उघडते.

एवढे ध्यानात घेतले की इंजिन तापण्याची कारणे तीनच वर्गांत मोडतात. एक, पाणी कमी पडले. दोन, पाणी आहे, पण ते फिरत नाही किंवा त्याला वारा लागत नाही. तीन, उष्णताच नेहमीपेक्षा जास्त निर्माण होते आहे. पुढे जे सांगणार आहोत ते सारे या तिहींपैकीच.

(आयशरची हवेवर थंड होणारी जुनी इंजिने काही बांधवांकडे अजून आहेत. त्यांना रेडिएटर नाही व पाणीही नाही. तिथे ब्लोअरचा पट्टा आणि सिलिंडरवरच्या पात्यांमध्ये साचलेली धूळ व तेलाचा चिखल एवढे पाहावे.)

आता झाकणाविषयी. हा विषय क्षुल्लक वाटतो, पण आमच्या मते अर्धे नुकसान याच अज्ञानातून होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे आपल्याकडे उघड्या पातेल्यातले पाणी १०० अंशांना नव्हे, साडेसत्त्याण्णव अंशांच्या सुमारासच उकळते. इंजिनला हे परवडत नाही. म्हणून रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग बसवून आत दाब राखलेला असतो, अगदी आपल्या प्रेशर कुकरसारखा. झाकणावर ७ पौंडांचा आकडा असेल तर तेच पाणी बेळगावात सुमारे १०९ अंशांपर्यंत न उकळता राहते. काही ट्रॅक्टरांची झाकणे याहून अधिक दाबाची असतात. आता झाकण हरवले म्हणून जो चिंधीचा बोळा कोंबतो, किंवा बाजारातून दुसऱ्याच गाडीचे सैल झाकण आणून बसवितो, त्याने काय केले? बारा अंशांची सवलत घालविली. चढावर ऊस ओढताना ते पाणी उकळणारच, आणि मालक म्हणणार की इंजिनमध्ये दोष आहे. झाकणाचा रबर कडक झाला असेल, तडकला असेल, तर त्याच दाबाचे नवे झाकण घ्यावे. एवढ्या स्वस्तात ट्रॅक्टरचा दुसरा कोणताही रोग बरा होत नाही.

शेतात काटा वर चढला तर

प्रथम कामाचा भार काढा. नांगर किंवा रोटाव्हेटर उचला, पी.टी.ओ. बंद करा, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये घ्या. पट्टा फिरतो आहे, पाणी सांडत नाही, वाफ येत नाही, असे दिसले तर इंजिन लगेच बंद करू नका. थोडे रेस ठेवून तीन-चार मिनिटे चालू द्या. पंप आणि पंखा चालू असल्याने काटा बहुधा खाली येतो. एकदम बंद केले तर हेडमधील उष्णता जागच्या जागी कोंडते. पण पट्टा तुटला असेल, पाईप फुटून पाणी गेले असेल, वाफेचा लोट येत असेल किंवा ऑइलचा दिवा पेटला असेल, तर क्षणाचाही विचार न करता इंजिन बंद करा.

आता एक फसवी गोष्ट सांगतो. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी पूर्ण निघून गेले की तो कोरडा पडतो, आणि इंजिन भयंकर तापलेले असतानाही काटा खाली येऊ शकतो. चालवणारा समजतो, "बरे झाले, उतरला." म्हणून काटा एकदा चढून कारणाशिवाय झपकन उतरला, तर तो आनंदाचा प्रसंग नव्हे, थांबून पाहण्याचा प्रसंग आहे.

इंजिन बंद केल्यावर किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. आत १०० अंशांहून अधिक तापलेले पाणी दाबाखाली बसलेले असते. झाकण फिरताच दाब सुटतो, आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ते कारंज्यासारखे थेट तोंडावर येते. वरचा रबरी पाईप बोटांनी दाबून पाहावा. तो टणक लागला तर आत अजून दाब आहे, थांबावे. मऊ झाल्यावरच, गोणपाटाची जाड घडी झाकणावर ठेवून, तोंड बाजूला करून, पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, वाफ जाऊ द्यावी, मगच काढावे. मुलाला "जा रे, पाणी घाल" म्हणून कदापि पाठवू नये.

आणि तापलेल्या इंजिनमध्ये थंड पाणी ओतू नये. लोखंडी हेड तव्यासारखे तापलेले असते. विहिरीचे गार पाणी पडताच ते तडकते. इंजिन हाताला सोसवेल इतके निवू द्यावे. मग पाणी घालावे, तेही हळूहळू, इंजिन मंद चालू ठेवून.

इंजिनजवळ वाकताना डोक्याचा टॉवेल, गळ्यातील रुमाल, साखळीतला क्रूस, स्कॅप्युलर काढून ठेवावे. पंखा आणि पट्टा काही पाहून ओढत नाहीत.

कारण कसे शोधावे

मिस्त्रीकडे जाण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: ट्रॅक्टर केव्हा तापतो? या उत्तरातच निम्मे निदान असते, आणि मिस्त्रीला ते तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

सुरू केल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत, भार नसतानाच तापत असेल, तर थर्मोस्टॅट बंदच अडकला, पाणी फारच कमी आहे, किंवा पंप पाणी फिरवीत नाही. रिकामा चालताना ठीक, पण नांगराला लावला की तासाभराने तापतो, असे असेल तर रेडिएटर बाहेरून किंवा आतून चोंदला आहे, पट्टा सैल आहे, किंवा भारच जास्त आहे. मळणीवर उभ्याने चालताना तापतो आणि रस्त्यावर निवतो, तर रेडिएटरला वारा लागत नाही; जाळी पाहा. पाणी रोज कमी होते पण जमिनीवर थेंब दिसत नाही, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा.

यानंतर स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करावी. हा क्रम आम्ही आग्रहाने सांगतो, कारण पुष्कळदा पहिल्याच दिवशी हेड खोलले जाते आणि शेवटी दोष निघतो तो पंख्याच्या पट्ट्यात.

पहिली गोष्ट रेडिएटरचे तोंड. बॉनेट उघडून समोरची जाळी काढा आणि आत पाहा. मळणीचा भुसा, उसाचे पाचट, गवताचे बी, किडे आणि त्यांवर बसलेली धूळ यांची गोधडी तिथे विणलेली दिसेल. त्यात कुठून डिझेल किंवा ऑइल गळत असेल तर ती धूळ लिंपल्यासारखी घट्ट बसते. आमच्या अनुभवात जितके ट्रॅक्टर तापण्याची तक्रार घेऊन आले, त्यांतले सर्वांत अधिक एवढ्यानेच सुधारले. साफ करताना दिशा महत्त्वाची. पंखा वारा समोरून आत ओढतो, म्हणून कचरा समोरून अडकलेला असतो. हवा किंवा पाणी मारावयाचे ते पंख्याच्या बाजूकडून समोरच्या बाजूस, उलट दिशेने. समोरून मारले तर कचरा अधिकच आत रुततो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा चालते, पण नळी जवळ धरू नये. पातळ पाती वाकून मिटतात आणि मिटलेल्या पात्यांतून वारा जात नाही. गाड्या धुण्याच्या जोरदार मशीनचे पाणी तर दुरूनच मारावे. तेलकट मळ असेल तर साबणाचे पाणी मारून अर्धा तास भिजू द्यावे. मळणीच्या दिवसांत हे काम रोज संध्याकाळी, नांगरणीत आठवड्यातून एकदा.

दुसरी गोष्ट पट्टा. इंजिन बंद असताना दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबावा. साधारण अर्धा इंच, म्हणजे १२ ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. जास्त दबत असेल तर तो पुलीवर घसरतो, पंखा व पंप दोन्ही मंद होतात. पट्ट्याच्या कडा चकचकीत झाल्या, तडे गेले, तर बदलावा, आणि जुना पट्टा टूलबॉक्समध्ये ठेवावा. ऐन वेळी घरापर्यंत आणतो. फार घट्टही ताणू नये, पंपाचे बेअरिंग जाते.

तिसरी गोष्ट गळती. सकाळी, ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी, खाली कोरडा पुठ्ठा ठेवून पाहावे. पाईपच्या क्लिपा, रेडिएटरची तळटाकी, पाणी सोडण्याचा नळ, आणि वॉटर पंपाखालचे बारीक भोक, एवढ्या जागा पाहाव्यात. पंपाच्या त्या भोकातून पाणी ठिबकत असेल तर पंपाचे सील गेले आहे. तो भोक मुद्दाम ठेवलेला असतो. काहीजण त्यात एम-सील भरून "गळती बंद केली" म्हणतात. मग ते पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि पंपच मोडतो. खालचा पाईप आतून मऊ झाला असेल तर इंजिन रेस केल्यावर पंपाच्या ओढीने तो चिपटतो आणि पाणी अडते. उभा असताना मात्र अगदी चांगला दिसतो. त्याकरिता दुसऱ्या माणसाला रेस करावयास सांगून आपण दुरून पाहावे.

थर्मोस्टॅटविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण याबाबत गावोगाव एक चुकीचा सल्ला चालतो. "आपल्याकडे थंडी नाही, थर्मोस्टॅट काढून फेका" असे पुष्कळ मिस्त्री सांगतात. काढल्यावर काटा खाली राहतो, मालक खूष होतो. परंतु इंजिन सदोदित थंड चालते, डिझेल जास्त खाते, ते नीट जळत नाही, ऑइलमध्ये काजळी व पाणी साचते आणि लायनर लवकर झिजतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची आडवाट बंद करतो. तो काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, निम्मे पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच परत फिरते, आणि भारावर इंजिन पूर्वीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅट खराब वाटला तर तपासावा. घरच्या चुलीवर तपासता येतो. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात, तळाला न टेकता, सोडावा. थंड पाण्यात तो पूर्ण बंद असला पाहिजे; पाणी उकळू लागेपर्यंत चांगला उघडला पाहिजे; बाहेर काढून निवल्यावर पुन्हा बंद झाला पाहिजे. यांतले काही चुकले तर त्याच अंशांचा नवा बसवावा. अंश त्यावरच कोरलेले असतात. (पातेले स्वयंपाकाचे घेऊ नये. घरातून बोलणी बसतील ती योग्यच असतील.)

आता रेडिएटर आतून चोंदणे. आपल्या जिल्ह्यात पाण्याचे दोन प्रकार आहेत. खानापूरकडील लाल जांभ्याच्या मातीतल्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते. पूर्वेकडे काळ्या जमिनीत बोअरचे पाणी जड. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, ते पाणी रेडिएटरमध्येही तसेच वागते. तापले की क्षार सोडते. तुमच्या तांब्याच्या बंबात जो पांढरा थर बसतो, तोच थर लायनरभोवती आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. हा थर उष्णता अडवितो. पाणी ८५ अंशांवर असते आणि थराआडचे लोखंड कितीतरी अधिक तापलेले असते. काट्याला ते कळतही नाही. म्हणून रोज बोअरचे पाणी ओतणारा रोज चिमूटभर क्षार ओतीत असतो. पागोळ्यांचे स्वच्छ पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवावे, किंवा बॅटरीचे पाणी आणावे.

आत चोंदले आहे की नाही हे कळण्यास एक सोपी खूण आहे. इंजिन चांगले गरम करून बंद करावे, पंखा थांबल्यावर रेडिएटरच्या अंगावरून हाताची पालथी बाजू जवळून फिरवावी. वरून खाली उष्णता हळूहळू कमी होत जाणे ठीक. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. धुण्यासाठी निवलेल्या इंजिनचे पाणी सोडावे (रेडिएटरखालचा नळ आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत इंजिनच्या अंगावरचा दुसरा बूच, दोन्ही उघडावे, नाहीतर निम्मा गाळ आतच राहतो), स्वच्छ पाणी भरावे, वरचा पाईप गरम होईपर्यंत चालवावे, कोमट झाल्यावर पुन्हा सोडावे. पाणी नितळ येईपर्यंत हे करावे. धुण्याचा सोडा वापरण्याची जुनी पद्धत होती. नव्या ट्रॅक्टरांत ॲल्युमिनियमचे भाग असतात, त्यांना सोडा खातो. तो घालू नये. ॲसिड तर कोणत्याच ट्रॅक्टरात घालू नये. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरच्या टाक्या उघडून रेडिएटरवाला नळ्यांतून सळ्या फिरवितो, ते काम चांगले. नव्या प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला ते सहसा करता येत नाही.

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे वेगळी असतात. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू केले तर पाण्यात सारखे बुडबुडे येतात. इंजिन गरम झाल्यावरही धूर पांढरा येतो. ऑइलची पट्टी काढली तर ऑइल ताकासारखे दिसते. ऑइल असे दिसले तर ट्रॅक्टर घरापर्यंतही चालवू नये, ओढून न्यावा. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगला राखत नाही. हेड बसविताना ते सपाट आहे की नाही हे पट्टी ठेवून तपासून घ्यावे आणि बोल्ट कंपनीच्या मापाने, क्रमाने आवळावेत. नुसते गॅस्केट बदलून वाकलेले हेड पुन्हा बसविले तर तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

हे सर्व ठीक असून ट्रॅक्टर तापत असेल, तर भाराकडे पाहा. धुराचा रंग काळा असेल तर इंजिन गुदमरते आहे: एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल बिघडले असतील, पंपाचे टायमिंग चुकले असेल, किंवा साधे कारण, गिअर एक खालचा हवा असेल. भाताच्या चिखलणीत आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढताना हे हमखास घडते. इंजिन घुसमटत चालते, फेरे कमी होतात, त्याबरोबर पंखा व पंपही मंद होतात, आणि उष्णता मात्र सर्वाधिक असते. एक गिअर खाली घ्यावा. वेळ थोडा जास्त लागतो. कारखान्याच्या रांगेत तो वेळ तसाही जाणारच असतो.

ड्रायव्हर ठेवणाऱ्यांसाठी

पुष्कळ ट्रॅक्टर मालक स्वतः चालवीत नाहीत. रोजावर किंवा पगारावर ड्रायव्हर ठेवतात. काटा चढल्याचे पहिल्यांदा त्यालाच दिसते. पण त्याने सांगितले तर काय होते? "तूच नीट चालवीत नाहीस" म्हणून बोलणी, किंवा गॅरेजचा खर्च पगारातून कापण्याची धमकी. मग तो शहाणपणाने ओढ्यावर थांबतो, बाटलीने पाणी घालतो आणि गप्प बसतो. असे पंधरा दिवस चालते. मालकाच्या दृष्टीने हे पंधरा दिवस सर्वांत महाग पडतात. आम्ही दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी ऐकलेली आहेत, आणि आमचे मत स्पष्ट आहे: काटा वर गेल्याचे जो येऊन सांगतो त्याला रागावू नये, आणि त्या दिवसाचा त्याचा रोज कापू नये. ट्रॅक्टरमध्ये एक वही ठेवावी. किती पाणी घातले, किती ऑइल घातले, किती तास चालला, हे ड्रायव्हरने लिहावे. लिहिता येत नसेल तर रेघा ओढाव्यात. आठवड्यात तीन रेघा पाण्याच्या दिसल्या की मालकाने बॉनेट उघडावे.

पोळल्यास

रेडिएटरच्या पाण्याने किंवा वाफेने भाजल्यास पहिली वीस मिनिटे महत्त्वाची असतात. भाजलेला भाग वाहत्या, साध्या थंड पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरावा. शेतात असाल तर पाण्याच्या मोटारीची धार हळू करून. अंगठी, कडे, घड्याळ लगेच काढावे, मागाहून सूज येते. भिजलेले कपडे काढावेत, पण कातडीला चिकटलेले ओढू नयेत. बर्फ लावू नये. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, कॉफी पावडर यांतले काही लावू नये. उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना ते सारे खरवडून काढावे लागते, त्या वेदना भाजल्याहून वाईट असतात. फोड फोडू नयेत. स्वच्छ, ओलसर सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावे. तोंड, डोळे, हात किंवा सांध्यावर भाजले असेल, स्वतःच्या तळहाताहून मोठी जागा असेल, किंवा वाफ श्वासाबरोबर आत गेली असेल, तर १०८ ला फोन करावा. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते तेही डॉक्टरांना सांगावे.

कूलंट घालावयाचे तर

नुसत्या पाण्याऐवजी पाण्यात कूलंट मिसळून घालावे. त्याने गंज धरत नाही, क्षार कमी बसतात आणि पाणी उशिरा उकळते. कंपनीच्या पुस्तकात प्रमाण दिलेले असते, बहुधा निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध पाणी. काही डबे आधीच मिसळलेले येतात, त्यांत आणखी पाणी घालू नये. दोन रंगांची कूलंट एकत्र करू नयेत. पुस्तकात सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे, कारण रंग राहिला तरी गंज अडविण्याची शक्ती संपते.

पण हे विष आहे. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते आणि ते चवीला गोड लागते. कुत्री ते चाटतात, वासरे पितात, लहान मूल हिरवे किंवा गुलाबी सरबत समजून तोंडाला लावते. थोड्याने मूत्रपिंडे निकामी होऊन जीव जातो. सुरुवातीस मूल नुसते झिंगल्यासारखे दिसते, मग थोडे बरे वाटते, म्हणून घरचे थांबतात, थांबू नये. पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी डबा बरोबर घेऊन तडक मोठ्या दवाखान्यात जावे. कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही काढून ठेवू नये. मूळ डब्यातच, कुलुपात ठेवावे. रेडिएटरमधून काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरात 'विष' असे लिहून, गॅरेजमध्ये नेऊन द्यावे.